खाली राहू दे, सरळ कर

स्प्रिंगचा दीड वेटोळा ग्राइंडरने कापून
शिवडी कोळीवाड्याचा जयदीप नाखवा
झेन घेऊन आला, तेव्हा
स्पीडब्रेकरवर तिचं पोट खरवडल्याचा आवाज
मी टपरीवरूनच ऐकला. चहा अर्धा ठेवला.

टायर बाहेरून नवेकोरे,
आतल्या कडेला तार दिसायला लागलेली.
दोन महिन्यांत, म्हणाला. आणि डावीकडे ओढते,
स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं
की कुठे सरळ जाते.

म्हटलं, अख्ख्या स्प्रिंगा टाक, वर घे.
म्हणाला, खाली राहू दे. सरळ कर.

रॅम्पवर चढताना बंपर अडला,
दोन फळ्या लावल्या.
आधी हवा बघितली. उजवीकडे तीस, डावीकडे तेवीस.
थोडं दुखणं तिथलंच होतं,
पण ते मी लगेच सांगितलं नाही.

मग गाला शेठचा हप्त्यावरचा कॉम्प्युटर.
तीन चाकं बोलली, चौथ्याचा सेन्सर मेलेला.
शेठ म्हणाले, उद्या बोलव.
पोरगा म्हणाला, उद्या होडी आहे.

माझे आबा गवंडी.
त्यांचा पितळी ओळंबा
माझ्या पान्यांच्या पेटीत असतो, ग्रीसने काळा झालेला.
मडगार्डवरून सोडला. डुलला, थांबला.
रिमच्या वरच्या काठापासून दोरी सोळा मिलिमीटर,
खालच्या काठापासून दोन.
भिंत असती तर आबांनी लाथ मारून पाडली असती,
गारा ओला आहे तोवर.

बोल्ट ढिले केले, चाकाचं डोकं बाहेर ओढलं.
वर आठ, खाली दोन.
याहून पुढे बोल्ट जात नाही.
मागचा एक्सल एकसंध दांडा,
त्याला कुणी काही विचारत नाही.

टायरॉडचा नट मात्र हलेना.
खाऱ्या वाऱ्याने धरलेला.
डिझेल सोडलं, बसलो.
विचारलं, एवढी खाली कशाला रे?

तो म्हणाला, रिकामी होडी उंच तरंगते, काका.
भरलेली खाली बसते.
आमच्याकडे धक्क्यावर बाया उभ्या राहतात ना,
लांबूनच बघतात, किती खाली आहे.
उंच दिसली की
पाट्या उचलून घरी निघतात.

मी काही बोललो नाही.
नटावर पाना चढवून पाईप लावला,
पायाने दाबला,
तो किंचाळून सुटला.

मग सुतळी, मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत.
नाकासमोर चाल, आबा सांगायचे,
आणि स्वतः कुडाळकराच्या गुत्त्याशी वळायचे.
मला या धंद्यात कळलं ते असं:
दोन्ही चाकं अगदी नाकासमोर ठेवली
तर गाडी भरकटते.
एकमेकांकडे केसभर बघत असली पाहिजेत.
केसभरच. जास्त बघितलं तर
टायर खातात एकमेकांच्या नादात.

पोर्ट ट्रस्टच्या रस्त्यावर रविवार होता,
कंटेनर झोपलेले.
पन्नासला नेली आणि म्हटलं, हात सोड.
त्याने सोडले,
मांडीवर ठेवले, वर्गात बसल्यासारखे.
गाडी गेली. गोदीच्या भिंतीच्या शेवटापर्यंत
गेली तशीच.
किती दिवस टिकेल, त्याने विचारलं.
पहिल्या खड्ड्यापर्यंत, मी म्हटलं,
आणि तेव्हा त्याला हवेचं सांगितलं.

त्याला कॉम्प्युटरचा कागद हवा होता, रंगीत,
मित्रांना दाखवायला.
कागद नव्हता. म्हणून शेठनी निम्मेच घेतले, तोंड वाकडं करून.
मी बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून दिलं:
वर आठ, खाली दोन.
त्याने घडी करून पाकिटात ठेवला,
लायसन्सच्या मागे.

निघाला.
त्याच स्पीडब्रेकरवर पोट पुन्हा खरवडलं.
टपरीवाला वळून बघायला लागला.
मी ओळंब्याची दोरी गुंडाळत होतो.